ब्रूस डिकिन्सनचे सोलो अल्बम: कुठून सुरू करावं, आणि गाणाऱ्यानं त्यात काय ऐकावं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही दिसेल. वय बावीस, कॉलेजच्या बँडमध्ये गातोस, आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडची गाणी तोंडपाठ. आता त्याच बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याचे सोलो, म्हणजे मेडनबाहेर स्वतःच्या नावावर काढलेले, अल्बम ऐकायला घेतलेस आणि दोन-तीन ठिकाणी ‘हा तोच माणूस का?’ असं वाटलं. सुरुवात कुठून करू, आवाज वेगळा का लागतो, आणि यातलं मला काय गाता येईल, असे तीन प्रश्न. मी वीसेक वर्षं मेटल गातोय, त्यातली बारा शिकवण्यात गेली. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ (1997) आधी, मग ‘द केमिकल वेडिंग’ (1998), मग मागे वळून ‘बॉल्स टू पिकासो’ (1994). पहिल्या अल्बमपासून क्रमानं ऐकायला गेलास तर दुसऱ्या-तिसऱ्यालाच कंटाळशील, आणि खरा माल तर पुढे आहे.

दुसऱ्या प्रश्नात मात्र मला जास्त रस आहे. आवाज बदललेला नाही. आवाजाखाली काय वाजतंय ते बदललंय, आणि गाण्याच्या ओळी कोण लिहितोय तेही. हे पटवायला सोपा उपाय आहे. ब्रूसनं एकच गाणं दोनदा, एकदा सोलो आणि एकदा मेडनबरोबर गायल्याची उदाहरणं आहेत. ती पाठोपाठ ऐक.

पहिलं ‘ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर’. 1989 मध्ये ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपटांच्या पाचव्या भागासाठी त्यानं ते जॅनिक गर्सला गिटारवर घेऊन केलं. मेडनचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस यानं ऐकलं आणि हे मेडनलाच हवं म्हणाला. मग 1990 च्या ‘नो प्रेयर फॉर द डाइंग’वर ते पुन्हा झालं, आणि जानेवारी 1991 मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मेडनचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते एकमेव सिंगल. आता दोन्ही हेडफोनवर लाव. सोलोमधला ब्रूस निवांत आहे, मिस्कील आहे, शब्द चघळत चघळत गातोय, नाटकातल्या खलनायकासारखा. मेडनच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच माणूस दोन गिटार आणि एका धावत्या बेसच्या वर स्वतःला ऐकू येण्यासाठी आवाजाला धार लावतो. गाणं तेच, घसा तोच, पण कामाची जागा वेगळी.

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. 2015 च्या ‘द बुक ऑफ सोल्स’चं पहिलं गाणं ‘इफ इटर्निटी शुड फेल’ ब्रूसनं मुळात स्वतःच्या सोलो अल्बमसाठी लिहिलं होतं, तेही हॅरिसनं उचललं. पुढे 2024 च्या ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’वर ब्रूसनं त्याला ‘इटर्निटी हॅज फेल्ड’ म्हणून परत आणलं. मेडनचं रेकॉर्डिंग 2014 सालचं, आजार कळण्याआधीचं. त्यानंतर जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, केमोथेरपी आणि रेडिएशन झालं, 2015 च्या मे महिन्यात तो बरा झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे ही नुसती दोन बँडांची तुलना नाही, घशाचीही आहे. मला दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे स्वर थोडे जाड, थोडे खडबडीत लागतात, पण खालचा भाग आधीपेक्षा भरलेला आहे. पासष्टीच्या माणसाचा आवाज पासष्टीचाच लागतोय आणि तो ते लपवत नाही.

आता ओळी कोण लिहितो त्याबद्दल. हॅरिस बेसवाला आहे आणि त्याच्या ओळीही बेससारख्या चालतात. प्रत्येक मात्रेला एक अक्षर, श्वासाला जागा कमी, चाल बऱ्याचदा गिटारच्या सुरावटीला चिकटलेली. ‘द ट्रूपर’ गाताना तुझं काय होतं ते आठव. गिटार थांबते, त्या फटीत अख्खी ओळ कोंबायची आणि पुन्हा बाजूला व्हायचं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, मेडनची मजा त्यातच आहे. पण गाणारा माणूस स्वतःच्या तोंडासाठी लिहितो तेव्हा वेगळं लिहितो. उंच स्वरावर कुठला स्वरवर्ण येणार याचा विचार तो नकळत करतो. आपल्याकडे नाही का, तार सप्तकात ‘आ’कार मिळाला की गायक खुलतो आणि ‘ई’कार मिळाला की चेहरा आवळतो. ‘केमिकल वेडिंग’ या शीर्षकगीताचं ध्रुवपद ऐक. मोजके शब्द, मोठे स्वर, प्रत्येकाला पुरती लांबी. एवढं मोकळं गायला मेडनमध्ये त्याला फार क्वचित मिळतं.

आता अल्बम, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

‘टॅटूड मिलियनेअर’ (1990) हा सुट्टीतला उद्योग. निर्माता ख्रिस त्सँगारिडिस, गिटारला गर्स, बाज साध्या हार्ड रॉकचा. मॉट द हूपलनं गाजवलेलं, डेव्हिड बोवीनं लिहिलेलं ‘ऑल द यंग ड्यूड्स’ही त्यात आहे. ‘बॉर्न इन फिफ्टी-एट’ तेवढं जरूर ऐक. ब्रूसचा जन्म 7 ऑगस्ट 1958 चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या वर्कसॉप गावचा, आणि गाण्यात त्या दिवसांचा वास आहे. बाकी अल्बम ऐकला नाहीस तरी अडणार नाही. त्यातून मेडनला मात्र गर्स मिळाला. मेडनचा गिटारवाला एड्रियन स्मिथ बाहेर पडला त्या जागी तो गेला आणि अजून तिथेच आहे.

1993 मध्ये ब्रूसनं मेडन सोडलं. त्यानंतरचा ‘बॉल्स टू पिकासो’ एका फटक्यात झालेला नाही, आधीचे प्रयत्न टाकून देऊन तो पुन्हा केलेला आहे, आणि शेवटी जे हाती लागलं ते लॉस एंजेलिसच्या रॉय झी या गिटारवाल्यामुळे. रॉयचा बँड ‘ट्राइब ऑफ जिप्सीज’ लॅटिन वळणाचा रॉक वाजवायचा, तोच बँड ब्रूसच्या मागे उभा राहिला. अल्बम एकजीव नाही. काही गाणी तर त्या काळात अमेरिकेच्या रेडिओवर काय चालतंय ते बघून केल्यासारखी वाटतात. पण शेवटी ‘टीअर्स ऑफ द ड्रॅगन’ येतं आणि सगळं माफ.

त्या गाण्यापाशी थोडं थांबू, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा तेच गायला मागतो. सुरुवातीला साधी गिटार आणि मंद्रातला आवाज, बोलल्यासारखा, कसलाही आव न आणता. ध्रुवपदात बँड कोसळतो आणि आवाज वर जातो. मध्येच चक्क रेगेचा ठेका येतो, पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. मुलं चूक करतात ती ध्रुवपदात नाही, पहिल्या कडव्यात. खालचा स्वर ‘सोपा’ म्हणून हवेवर सोडून देतात, कुजबुजल्यासारखा. मग ध्रुवपदाला आवाज गोळा करायला जातात तेव्हा हाती काहीच नसतं, उरतो तो घसा. ब्रूसचं कडवं नीट ऐक. आवाज हळू आहे, पण पोकळ नाही. खर्ज लावून बसलेल्या माणसाचा आवाज आहे तो. ध्रुवपदाचा सगळा दम त्या कडव्यात आधीच भरलेला असतो.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नकोस. मी स्वतः हेच गाणं घसा आवळून एका पावसाळ्यात ओळीनं सहा कार्यक्रमांत गायलो, तेही सर्दीत. सातव्याला बोलता येईना. स्वरतंतूंवर सूज आणि छोट्या गाठी. दोन महिने पाटी-पेन्सिल घेऊन घरात फिरत होतो, बायकोनं तो काळ फार शांततेचा म्हणून लक्षात ठेवलाय. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय गाता? मी मोबाइलवर मूळ गाणं लावलं. ते म्हणाले, हा गृहस्थ तर कुठेच ओरडत नाहीये. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

‘स्कंकवर्क्स’ (1996) वर लोक रुसलेले असतात. ब्रूसनं केस कापले, तरुण पोरांचा बँड जमवला, ‘निर्वाणा’चा पहिला अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या जॅक एंडिनोला निर्माता म्हणून घेतलं. ‘स्कंकवर्क्स’ हे खरं तर त्याला बँडचंच नाव म्हणून हवं होतं, ते झालं नाही. गिटारला ॲलेक्स डिक्सन, बेसला ख्रिस डेल, ड्रमला अलेस्सांड्रो एलेना. मेडनच्या चाहत्यांना त्यात मेडनच्या ठेक्याची घोडदौड सापडत नाही आणि ग्रंजवाल्यांना, म्हणजे ‘निर्वाणा’च्या धाटणीचा रॉक ऐकणाऱ्यांना, ब्रूसचा आवाज भरजरी वाटतो, त्यामुळे अल्बमला वाली उरला नाही. मला तो आवडतो. ‘बॅक फ्रॉम द एज’ रात्री गाडी चालवताना लावून बघ.

पण या बँडची खरी गोष्ट अल्बममध्ये नाही. डिसेंबर 1994 मध्ये बोस्नियात युद्ध चालू होतं, सारायेव्हो शहराला वेढा पडलेला. तिथे कार्यक्रम करायचं या चौघांनी कबूल केलं. ठरलेला हवाई प्रवास बारगळला, तेव्हा मदतकार्य करणाऱ्या एका गटाच्या ट्रकच्या मागच्या भागात बसून, थंडीत, इगमान डोंगरावरच्या रस्त्यानं ते शहरात शिरले आणि बोस्नियन सांस्कृतिक केंद्रात वाजवलं. त्या सभागृहाचं स्थानिक नाव आद्याक्षरांनी लिहिलं की ‘बीकेसी’ होतं. मुंबईकराला हे वाचून गंमत वाटेल, का ते खाली सांगतो. या प्रवासावर पुढे माहितीपटही निघाला.

मग येतो ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’. रॉय झी परतला, आता निर्माता म्हणूनही, आणि सोबत एड्रियन स्मिथ. मुखपृष्ठ डेरेक रिग्सचं, म्हणजे मेडनच्या मुखपृष्ठांवरच्या ‘एडी’ या भयाण पात्राला जन्म देणाऱ्या चित्रकाराचं. ब्रूसनं हेवी मेटल पुन्हा अंगावर घेतलंय हे मुखपृष्ठावरच कळतं. इथून सुरुवात कर म्हणतो ते याचसाठी. तुझ्या ओळखीचं घर आहे, फक्त फर्निचर हलवलंय. ‘डार्कसाइड ऑफ अक्वेरियस’ लांब आहे, पण त्यातली वळणं मोज. ‘टेकिंग द क्वीन’मध्ये मऊ कडवं आणि जड ध्रुवपद यांतला सांधा कसा जोडलाय ते बघ. ‘मॅन ऑफ सॉरोज’मध्ये मेटल जवळपास नाहीच, पियानो, तंतुवाद्यं आणि एक उभा आवाज. आणि ‘ओमेगा’ अगदी शेवटी एकदम पळत सुटतं. या अल्बमवर ब्रूस पस्तिशी ओलांडलेला आहे. एव्हाना आवाजाला तेल-पाणी मिळून तो पिकलाय, पण वरचा पल्ला अजून शाबूत आहे. गायकाच्या आयुष्यात ही वर्षं थोडीच असतात.

‘द केमिकल वेडिंग’वर मी तासभर बोलू शकतो, आवरतो. विल्यम ब्लेक हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी, चित्रकार आणि खोदकाम करणारा कारागीर. अल्बमभर त्याच्या कविता, त्याची दैवतं आणि किमयागारांची भाषा पसरलेली आहे. ‘बुक ऑफ थेल’ आणि ‘गेट्स ऑफ युरिझेन’ ही नावं ब्लेकच्याच पुस्तकांतली. मुखपृष्ठावरचं ते अंगावर काटा आणणारं चित्र ब्लेकचं ‘द घोस्ट ऑफ अ फ्ली’, पिसवेचं भूत. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे आणि जेमतेम शाळेच्या वहीच्या पानाएवढं आहे, हे कळल्यावर मी चाट पडलो होतो. ‘जेरुसलेम’ गाण्यात ब्लेकच्या ज्या ओळी आहेत त्या तू नक्की ऐकल्या असशील. इंग्लंडमध्ये कसोटी सामन्याला सकाळी जे गाणं लागतं, ते तेच, पण ह्युबर्ट पॅरीनं 1916 मध्ये लावलेल्या चालीत. ब्रूसनं त्या प्रसिद्ध चालीला हात न लावता स्वतःची चाल बांधली. आपल्याकडे एखाद्यानं ‘सागरा प्राण तळमळला’ला नवी चाल लावण्यासारखं धाडस आहे ते, आणि त्यानं ते निभावलं. मधूनमधून जो निवेदकाचा भारदस्त आवाज येतो तो इंग्रज रॉक गायक आर्थर ब्राउनचा.

गाणाऱ्याच्या कानानं ऐकायचं तर इथे गिटार खूप खाली उतरवलेल्या आहेत. नवख्याला वाटतं, गिटार खाली म्हणजे गाणंही खाली. तसं नाही. गिटार तळाला गेल्यामुळे मधला पट्टा मोकळा होतो आणि ब्रूस आरामात त्या मोकळ्या जागेत उभा राहतो. मेडनमध्ये दोन-तीन गिटार आणि हॅरिसचा खणखणीत बेस मिळून नेमका तोच पट्टा व्यापतात, म्हणून तो वर पळतो. ‘द टॉवर’ लाव. कडव्यात बेस चाल सांभाळतो, गिटार गप्प असते, आवाज अगदी जवळून येतो. तुमच्या बँडच्या तालमीत हे करून बघा: कडव्यात एका गिटारवाल्याला हात खाली ठेवायला सांग. तुझा आवाज लगेच ‘सुधारेल’.

1998 मध्येच मेडननं ब्रूसच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीबरोबर ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ काढला. दोन्ही पाठोपाठ ऐकले की 1999 मध्ये ब्रूस आणि एड्रियन दोघांनाही परत का बोलावलं, ते कुणी समजावून सांगायला लागत नाही. बेलीचा दोष मी मानत नाही. ब्रूसच्या उंचीची गाणी त्याच्या खालच्या आवाजावर लादली गेली. पट्टी चुकली की चांगला गायकही बेसूर ठरतो.

2005 चा ‘टिरनी ऑफ सोल्स’ फावल्या वेळातला. ब्रूस मेडनच्या दौऱ्यांत, रॉय चाली पाठवतोय, त्यावर हा गातोय, असा. तरीही चांगला आहे. ‘नॅव्हिगेट द सीज ऑफ द सन’ हे मी शिकणाऱ्यांना पहिलं देतो: साधी गिटार, मोकळा आवाज, आणि कुठेही लपायला जागा नाही. ‘किल डेव्हिल हिल’ राइट बंधूंच्या उड्डाणावर आहे, आणि ते लिहिणारा माणूस स्वतः विमानं चालवतो.

हीच वर सांगितलेली मुंबईची गोष्ट. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडनचा जगभरचा दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे आपल्या ‘बीकेसी’तल्या मैदानावर सुरू झाला. बँड आला तो ‘एड फोर्स वन’ या बोइंग 757 मधून, आणि वैमानिक ब्रूस. आम्ही पुढच्या गर्दीत चेंगरून उभे. सुरुवातीला वाजवलेलं चर्चिलचं ध्वनिमुद्रित भाषण संपलं आणि पहिलंच गाणं ‘एसेस हाय’. गायकाला पहिल्या गाण्यात द्यायची ती शिक्षाच आहे, घसा तापायच्या आधी सरळ तार सप्तक. एकोणपन्नास वर्षांचा माणूस धावत, उड्या मारत ते गायला. पहिल्या ध्रुवपदाला थोडा मागे राहिला, दुसऱ्याला पोचला. दौरा जुन्या गाण्यांचा होता, सोलोमधलं काही मिळणारच नव्हतं. परतताना मी ‘टॉवर’ गुणगुणत होतो, तर शेजारचा अनोळखी पोरगा ध्रुवपदाला सामील झाला. कुर्ला स्टेशनपर्यंत सोबत होती.

सोलोच्या बाबतीत ‘टिरनी’नंतर एकोणीस वर्षांची शांतता, आणि 1 मार्च 2024 ला ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’, सोबत कॉमिक्सची मालिका. कथेच्या मागे लागू नकोस, गाणी ऐक. ‘रेन ऑन द ग्रेव्ह्ज’मध्ये तो पुन्हा 1989 मधला मिस्कील खलनायक झालाय. शेवटचं ‘सोनाटा’ जवळजवळ दहा मिनिटांचं आहे, अर्धं बोललेलं, अर्धं गायलेलं. माझे विद्यार्थी ते पुढे ढकलतात. मी ढकलत नाही, कारण आवाज म्हातारा होताना त्याचं काय करायचं हे त्या दहा मिनिटांत आहे.

आता तुझा तिसरा प्रश्न. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरून तुझा आवाज मध्यम आहे, वर जाताना जबडा पुढे येतो आणि ‘ई’ चिरकते. तेव्हा ‘एसेस हाय’ सहा महिने बंद. ‘नॅव्हिगेट’ घे, ‘टेकिंग द क्वीन’ घे, दोन्ही रोज एकदा अर्ध्या आवाजात आणि आरशासमोर. सकाळी वीस मिनिटं खर्ज, तंबोऱ्याचं ॲप लावून. हसू नकोस, मेटलवाल्यालाच त्याची जास्त गरज असते. ‘टीअर्स ऑफ द ड्रॅगन’ त्यानंतर, आणि तेही पूर्ण एक स्वर खाली उतरवून. तुझा गिटारवाला म्हणेल, मग सुरुवातीच्या मोकळ्या तारा मिळणार नाहीत. त्याला सांग, गिटारच एक स्वर उतरवून लाव.